बिनशिक्क्याची बंदूक

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या एका निवृत्त सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बंदुकीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: ‘मास्तर, ही आमच्या घरातली नवाबाची रायफल. कुठली, कधीची, तेवढं शोधून द्या.’

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. शस्त्रांशी माझा संबंध बखरींतल्या आणि शाहनाम्यांतल्या वर्णनांपुरता. पण सरांच्या विचारण्यामागे घाई होती. त्यांचे घर म्हसळा तालुक्यातले. बंदुकीचा परवाना आधी आजोबांच्या नावे होता, मग वडिलांच्या, आता सरांच्या. सर सत्तरीकडे झुकलेले. एक मुलगा आखातात, दुसरा मुंब्र्यात. परवाना पुढे कुणीच आपल्या नावावर घ्यायला तयार नव्हते. धाकटा तर स्पष्टच म्हणाला होता, ‘अब्बा, आजच्या दिवसांत आपल्या नावाच्या माणसाने घरात बंदूक ठेवायची? नको.’ म्हणजे बंदूक सरकारजमा होणार हे जवळपास ठरले होते. जाण्याआधी ती होती कुणाची, एवढे सरांना कळायला हवे होते.

घरातली हकिगत अशी. सरांचे पणजोबा जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीत हाकाऱ्याला जायचे. एकदा जखमी डुक्कर नवाबावर चालून आले, पणजोबांनी त्याला आडवे घातले आणि खूश होऊन नवाबाने हातातली रायफल त्यांना बक्षीस दिली. हकिगतीला आधारही भक्कम वाटावा असा. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड हा सगळा मुलूख सिद्दींच्या जंजिरा संस्थानचा. मुरूडजवळचे फणसाडचे जंगल नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी त्या भागातल्या कित्येक घरांत अजून एखादी वस्तू ‘नवाबाची’ असते. कुणाकडे हुक्का, कुणाकडे झुंबराचा लोलक, कुणाकडे नुसतीच आठवण.

फोटो पाहिला तेव्हा मला एवढेच जाणवले की तो उलटा आलाय. बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटतो तो लोखंडी भाग, नळीच्या उजव्या अंगाला असतो. या फोटोत तो डाव्या अंगाला होता. फोनचे कॅमेरे कधीकधी आरशासारखी प्रतिमा घेतात. मी सरांना लिहिले, शेजारी एखादे छापील काहीतरी ठेवून पुन्हा फोटो काढा. त्यांनी उर्दू वर्तमानपत्राचे पान ठेवले. दुसऱ्या फोटोत अलिफ, बे सगळे सरळ वाचता येत होते. आणि घोडा डावीकडेच होता.

हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

शिक्के काय सांगतात

कारखान्यात बनलेली बंदूक आपली जन्मपत्रिका अंगावर घेऊन फिरते. लंडनमध्ये बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि नळी तपासून तिच्यावर शिक्का मारायची पद्धत रुळली. बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ चे. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत. नळी फुटली नाही तर तिच्यावर ठसा. बेल्जियमच्या लिएज शहरातही अशीच व्यवस्था होती. इंग्लंडमधून रीतसर विकल्या गेलेल्या बंदुकीच्या नळीवर, बहुतेक वेळा लाकडाखाली झाकलेल्या भागात, हे ठसे सापडतात. वर कंपनीचे नाव आणि अनुक्रमांक. त्या क्रमांकावरून कंपनीच्या जुन्या वह्यांत पाहिले की बंदूक कोणत्या वर्षी, कुणासाठी बनवली हे निघते.

जिम कॉर्बेट यांची ०.२७५ इंची रिग्बी रायफल हे याचे प्रसिद्ध उदाहरण. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना ती भेट मिळाली. दस्त्यावर चांदीची छोटी पाटी आहे. कुणी दिली, कशासाठी दिली, सगळे तिच्यावर कोरलेले. ही रायफल पुढे ज्या कंपनीने घडवली तिच्याकडेच २०१५ साली परत गेली आणि २०१६ मध्ये भारतात आणून लोकांना दाखवण्यात आली. शंभरेक वर्षांत एवढे हात बदलूनही तिची ओळख हरवली नाही, कारण नाव, क्रमांक आणि पाटी तिन्ही तिच्या अंगावर होते.

संस्थानिकांच्या रायफली याच जातीच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातले राजे आणि नवाब लंडनच्या नामांकित कारागिरांना मापे पाठवून शिकारीच्या रायफली करून घेत. सरकारने १९०७ मध्ये ०.४५० इंची व्यासाच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती होती. त्या एका आदेशामुळे इंग्रज बंदूककारांना ०.४७०, ०.४६५ अशी नवी मापे काढावी लागली. हिंदुस्थानी शिकारीची बाजारपेठ एवढी मोठी होती.

पाटी असली म्हणजे वाद मिटतो असेही नाही. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आलेली वाघनखे आठवा. त्यांच्या पेटीवर मजकूर आहे की ही शिवाजी महाराजांची, आणि ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना त्याला मिळालेली. ग्रँट डफ साताऱ्यात होता १८१८ ते १८२२. म्हणजे प्रतापगडाच्या प्रसंगानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. खुद्द संग्रहालयाचे म्हणणे असे की तीच ही वाघनखे याची खात्री देता येत नाही. पेटीवरचा मजकूर पेटीबद्दल बोलतो. वस्तूला वेगळे विचारावे लागते.

सरांच्या बंदुकीवर ना नाव होते, ना पाटी. तिला विचारण्यावाचून पर्याय नव्हता.

बंदूक उघडली तेव्हा

आमच्या इमारतीत, डोंबिवलीला, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक फिटर काका राहतात. आयुष्य टूलरूममध्ये गेलेले. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, ‘फोटोत काय कळणार? हाताला लागली पाहिजे.’ एका रविवारी दिव्याहून कोकणात जाणारी गाडी पकडली, माणगावला उतरलो आणि तिथून म्हसळ्याची एसटी.

काकांनी बंदूक हातात घेतल्यावर पहिल्यांदा तिची ठासणी काढून नळीत घातली, बोटाने खूण धरली आणि मग तीच बाहेरून नळीला लावून पाहिली. ठासणी थेट तळापर्यंत पोचत होती, म्हणजे आत जुना बार अडकलेला नव्हता. ‘ठासणीच्या बंदुकीत हे आधी बघायचं. पन्नास वर्षांपूर्वीचा बारसुद्धा उडतो.’

मग त्यांनी नळीच्या तोंडातून टॉर्च टाकला. आत गुळगुळीत. रायफलच्या नळीत पिळाचे आटे असतात. गोळी त्यांतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. इथे आटे नव्हते. म्हणजे ‘नवाबाची रायफल’ मुळात रायफलच नव्हती. ती साधी एकनळी ठासणीची बंदूक, छर्रे आणि गोळी दोन्ही चालणारी.

सरांचा चेहरा थोडा उतरला. मी त्यांना सांगितले, आटे असणे आणि नसणे यात या देशाचा बराच इतिहास आहे. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती आटेदार एन्फिल्ड रायफलची होती. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदुस्थानी शिपायांना मुद्दाम आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. दिसायला तशाच, पल्ल्याला आणि नेमाला कमी. आटेदार नळी कुणाच्या हाती द्यायची हा तेव्हापासून विश्वासाचा प्रश्न झाला. म्हणून की काय, गावात प्रत्येक बंदुकीला ‘रायफल’ म्हणायची हौस राहिली.

काकांनी लाकूड सोडवले. नळीखाली ठसा नाही, मुकुट नाही, अक्षर नाही. दस्ता शिसवीसारख्या जड देशी लाकडाचा. विलायती बंदुकांना सहसा अक्रोड असतो. पट्ट्या लोखंडाच्या, चांदी-पितळेचा मागमूस नाही. नळीवर ठोकलेला एकच आकडा होता, आणि तो परवान्याच्या वहीतल्या आकड्याशी जुळत होता. तो सरकारी. वहीवर जिल्हा लिहिला होता कुलाबा, कारण रायगड हे नाव १९८१ चे. प्रकाराच्या रकान्यात ‘देशी, एकनळी, ठासणीची’. उद्देश ‘शेतसंरक्षण’.

मग काकांनी नळीच्या बुडाशी नख फिरवले आणि मला हात लावायला सांगितले. उजव्या अंगाला एक छोटे भोक लोखंडाची मेख ठोकून बुजवलेले होते. कानसून इतके सारखे केलेले की डोळ्याला दिसत नव्हते, नखाला कळत होते. याचा अर्थ नळी जुनी. आधी ती तोडेदार किंवा चकमकीच्या बंदुकीची असणार. त्या बंदुकांत उजव्या बाजूला कानात रंजक भरत आणि ठिणगी भोकातून आत जाई. नंतर कुणीतरी ते भोक बंद केले आणि डाव्या बाजूला केप बसायची जागा तयार केली. स्फोटक केपांची पद्धत युरोपात १८२० नंतर रुळली, इंग्रजी फौजेत १८४० च्या आसपास आली. तेव्हा बंदुकीला आजचे रूप त्यानंतरचे, नळी त्याआधीची असू शकते.

इथे मोह होतो. जुनी नळी, जंजिऱ्याचा मुलूख, सिद्दींच्या फौजा. हकिगत जुळवायला दोन मिनिटे पुरतात. पण नळीने तसे काही सांगितलेले नाही, म्हणून मीही सांगत नाही.

काकांना सगळ्यात आवडले ते स्क्रू. कळीचे, म्हणजे घोडा आणि चाप चालवणाऱ्या यंत्राचे, पाच स्क्रू त्यांनी कागदावर ओळीने मांडले. एकाच्या डोक्यावर कानशीची एक बारीक खाच, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. भोकांशेजारीही तशाच खाचा. ‘कारखान्यातला स्क्रू कुठल्याही भोकात जातो. हे हाताने कापलेले आटे आहेत, प्रत्येकाचं माप निराळं. एकाचा दुसऱ्याला चालणार नाही. म्हणून ज्याने केलं त्याने स्वतःला आठवावं म्हणून खुणा केल्यात.’ काही वेळ ते तसेच बघत राहिले. मग म्हणाले, ‘चांगला हात होता.’

नाव का घातले नाही

एवढा चांगला हात, तर नाव का नाही? आपल्याकडे कारागीर नावच घालत नसत, हे सोपे उत्तर खरे नाही.

अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या बंदूकखान्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. लोखंडाच्या कडा नुसत्या जोडल्या तर नळी फुटते, म्हणून पत्रा तिरका गुंडाळत नेऊन घड्या एकमेकींवर चढवायच्या आणि तापवून एकजीव करायच्या, ही रीत त्याने नोंदवली आहे. उस्ताद कबीर आणि हुसेन या बंदूककारांची नावेही दिली आहेत. आणि तो सांगतो की तयार बंदुकीवर लोखंडाचे वजन, लोखंड कुठून आणले ते ठिकाण, कारागीर, बनवल्याची जागा, तारीख आणि क्रमांक कोरला जाई. हे सोळाव्या शतकाच्या शेवटचे आहे. अकबराच्या लाडक्या बंदुकीचे तर नावही होते, संग्राम. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल याच बंदुकीने पडला असे दरबारी इतिहास सांगतो.

म्हणजे शिक्के होते, पण बादशाही कोठारात होते. जिथे हजारो बंदुका एकत्र ठेवायच्या, हिशेब द्यायचा, चूक कुणाची हे शोधायचे, तिथे नाव आणि क्रमांक लागतो. जिथे माल दूरच्या बाजारात अनोळखी गिऱ्हाइकाला विकायचा, तिथेही लागतो. गावच्या भट्टीवर गिऱ्हाईक समोर उभे असते. बंदूक कुणी केली हे पाच गावांना ठाऊक असते. त्याने नाव कोरायचे कुणासाठी?

आपल्या किनाऱ्यावर हे कसब फार जुने आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, आल्बुकर्कने आपल्या राजाला कळवले की गोव्याचे बंदूककार बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीची बंदूक करतात. नमुनेही पाठवले. बोहेमिया म्हणजे त्या काळातले युरोपातले नावाजलेले ठिकाण. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानला ज्या बंदुका पोचल्या त्यांची घडण गोव्याच्या परंपरेशी नाते सांगते, असे अनेक अभ्यासक मानतात. या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्याला शाळेत शिकवले जात नाही. मीही कधी शिकवले नाही.

नाव न घालण्याचे दुसरे कारण नंतर आले, आणि ते भीतीचे होते. उठावानंतर इंग्रजांनी मुलूखच्या मुलूख निःशस्त्र केले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागू लागला, बनवायला आणि विकायलाही. युरोपियनांना त्यातून सूट होती. हे लोकांना इतके झोंबले की १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. ठरावाने कायदा बदलला नाही. ज्याचे वाडवडील उघडपणे नळ्या घडवत आले, तो लोहार आता परवान्याशिवाय तेच काम करताना गुन्हेगार ठरत होता. अशा माणसाने केलेल्या दुरुस्तीवर स्वतःचे नाव कशाला कोरावे?

आजचा १९५९ चा कायदाही सांगतो की निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. कायद्याच्या जागी ते बरोबरच आहे. बेवारस शस्त्र कुणालाच नको. पण त्यामुळे कोकणातल्या शेकडो ठासणीच्या बंदुकांच्या बाबतीत असे झाले की घडवणाऱ्याची खूण त्यांच्यावर नाही, नोंद करणाऱ्याची आहे.

शब्दांवरचे ठसे

परतीच्या गाडीत मी काकांना बंदुकीच्या एकेका भागाचे नाव विचारत होतो आणि माझ्या परीने त्याचा दाखला शोधत होतो. लोखंडातले मला कळत नाही, शब्दांतले थोडे कळते.

‘बंदूक’ हा शब्द अरबी. मूळ अर्थ हेझल नावाच्या झाडाचे गोल, कवचाचे फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. ‘चकमक’ तुर्की. ‘तोफ’ही तुर्की. ‘दस्ता’ फारसी, दस्त म्हणजे हात. ‘शिकार’ फारसी. ‘निशाण’ फारसी. आणि नेम धरण्याला जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणत. उर्दूत आजही ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणे. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, आणि धनुष्य ओढताना अंगठ्यात घालायची अंगठीही. शाळेत रोज सकाळी मी मुलांना ज्या शिस्तीबद्दल बोलतो ती मुळात नेम धरणाऱ्याची शिस्त.

उलट ‘घोडा’, ‘नळी’, ‘कळ’, ‘ठासणी’, ‘तोडा’ हे इथल्याच मातीचे. हत्यार पाजळून देणारा तो शिकलगार, अरबी सैकल म्हणजे झिलई. खोगीर करणारा तो जीनगर, फारसी जीन म्हणजे खोगीर. यांतले शिकलगार मुसलमान, जीनगर हिंदू, पण दोघांच्या नावांची घडण एकच. या शब्दांना कुणी मूळ गावाचा दाखला मागत नाही. ते बोलता बोलता मराठी झाले.

विळा

आता घोड्याकडे येऊ. घोडा डावीकडे का?

केप फुटते तेव्हा तिचे बारीक तुकडे आणि ज्वाळा बाजूला उडतात. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचे तोंड नळीच्या डावीकडे असते, म्हणून घोडा उजवीकडे ठेवतात. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याला ही रचना धोक्याची. तुकडे थेट त्याच्या डोळ्याकडे येतात. दस्त्यावर गाल टेकायचा उंचवटाही आम्हाला उजव्या अंगाला दिसला होता. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साडेबारा इंच. काका म्हणाले, साधारण चौदा असते. म्हणजे ही बंदूक एका बुटक्या, डावखुऱ्या माणसाच्या मापाने केलेली होती. कारखान्यातून तयार मिळणारी कळ उजव्या बाजूची असते, तेव्हा ही कळ कुणीतरी बसून, कानसून, त्या एका माणसासाठी घडवली.

नवाब डावखुरा असेल, असे सरांनी सुचवले. शक्य आहे. पण ज्याला लंडनहून मागवता येते तो जुन्या नळीचे भोक बुजवून काम भागवत नाही.

सरांच्या फुफी आतल्या खोलीत असतात. वय पंच्याऐंशीच्या आसपास, कानाने थोड्या कमी, बाकी खणखणीत. चहा झाल्यावर सर त्यांच्याजवळ बसले आणि मोठ्याने विचारले, ‘फुफी, तुझे आजोबा डावखुरे होते का गं?’

फुफी म्हणाल्या, ‘जेवायचे उजव्यानेच.’

आम्ही गप्प. मग त्यांचे त्यांनाच हसू आले. ‘जेवायचे उजव्याने, मार खाऊन शिकले होते. पण भात कापायला डावा. त्यांचा विळा वेगळा असायचा. आमच्यापैकी कुणी घेतला तर चालायचाच नाही, हातातून सटकायचा. लोहाराकडून करून आणायचे. एकदा मी हरवला तर केवढे ओरडले होते.’

ज्यांनी शेत कापले आहे त्यांना सांगायला नको. विळ्याला धार एका अंगाने लावलेली असते. उजव्याचा विळा डाव्याला चालत नाही. डावखुऱ्याने लोहाराकडे जाऊन सांगावे लागते, धार उलटी लाव.

पुढचे फुफींनी न विचारता सांगितले. भात पोसवला की डुकरे यायची. आजोबा रात्री माळ्यावर बसायचे. डुक्कर आपल्याला हराम. पडले तर खालच्या वाडीतले येऊन घेऊन जायचे आणि सकाळी कुणीतरी बदल्यात मध नाहीतर कंदमुळे ठेवून जायचे. कधी ससा मिळाला तर मात्र आजोबा बिस्मिल्लाह म्हणून बार काढायचे, मग तो घरी शिजायचा. आणि नवाब? ‘नवाब मी पाहिला नाही. आजोबा हाकाऱ्याला जायचे हे खरं. वेठीला जायचे. बक्षीस कोण देतो?’

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना वाईट वाटले. एका नवाबाचे नाव घरातून गेले होते. थोड्या वेळाने त्यांनी बंदूक उचलली, डाव्या खांद्याला लावून पाहिली, दस्ता आखूड पडला. ते उंच आहेत. म्हणाले, ‘पणजोबांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. ते केवढे होते ते आज कळलं.’

सरकारजमा

नवाबाने दिलेली असती तर बंदुकीत पणजोबा फक्त घेणारे असते. आता ते स्वतः लोहारासमोर बसलेले दिसतात. हात लांब करून माप देणारे. जुनी नळी कुठूनतरी मिळवलेले. आपला डावा हात लोकांच्या नजरेतून लपवत जेवणारे आणि लोहाराला मात्र मोकळेपणाने सांगणारे, मला डावीकडून लागते. लोहारानेही त्यांना उजव्याने शिकून घे असे सांगितले नाही. बंदूक त्यांच्या बाजूने वळवून दिली.

आपल्या समाजात मूळ शोधायला बसले की आपण वर पाहतो. कुणी अरबस्तानातून आलेला सौदागर, कुणी बादशहाचा सरदार, कुणी नवाबाचा लाडका. कोकणी मुसलमान घरांत या हकिगती भरपूर आहेत आणि हिंदू घरांतही कमी नाहीत. बाहेरून सतत दाखला मागितला जातो, म्हणून आपण मोठ्या नावाचा दाखला जवळ ठेवतो. पण दाखला खाली, भट्टीजवळ, शेताच्या बांधावर पडलेला असू शकतो, आणि तो जास्त पक्का असतो.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी सरांनी परवाना आणि बंदूक रीतसर जमा केली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीच आला, शिकार तेव्हाच संपली. शेतही आता अर्धे पडीक आहे. प्राचीन किंवा नादुरुस्त म्हणून ती ठेवता येईल का, हेही त्यांनी विचारून पाहिले होते. कायद्यात तशी सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा शस्त्राला. ही अजून उडते. काकांचा शब्द होता, ‘चांगला हात होता.’ तोच आडवा आला.

जमा करण्याआधी आम्ही एका दोनशे पानी वहीत तिची मापे उतरवली. नळीची लांबी, दस्त्याची लांबी, बुजवलेल्या भोकाची जागा. पाच स्क्रूंची डोकी काकांनी कागदावर पेन्सिल घासून उमटवून घेतली. एक खाच, दोन खाचा, तीन खाचा. पहिल्या पानावर काय लिहायचे ते सरांनी मला विचारले. वही त्यांची, अक्षर मात्र त्यांना माझे हवे होते. मी उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे तेच लिहिले:

घडवणारा: गावचा लोहार. कुणासाठी: डावखुऱ्या पणजोबांसाठी. कशासाठी: भाताच्या राखणीसाठी.